चौथ्या रिळातले गाणे

मी सिनेमाचा एक जुना प्रोजेक्टर आहे, मित्रांनो. अंगाने लोखंडी, रंगाने काळा आणि वजनाने चार माणसांना घाम फोडणारा. मी लाखो माणसांना हसवले, असे लोक माझ्याविषयी बोलतात. ते खोटे नाही. पण ते ऐकले की मला मान खाली घालावीशी वाटते. लोखंडाला मान खाली घालता येत नाही, म्हणून मी ताठ उभा राहतो आणि लोकांना वाटते, केवढा हा रुबाब! माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे. ती आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी दातेरी चाके एका म्हाताऱ्या कारागिराने केली. एकेक दात त्याने कानशीने घासून उजेडात धरून पाहिला होता. सिनेमाची पट्टी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली नसेल. ती दोन बोटे रुंद आणि लांबच लांब असते. तिच्या दोन्ही कडांना बारीक भोके असतात. माझ्या चाकांचे दात त्या भोकांत बसतात आणि पट्टीला पुढे सरकवतात. मागून दिव्याचा झोत येतो, पुढे भिंग असते, आणि समोरच्या पडद्यावर माणसे नाचू लागतात. दात सरळ असले तर पट्टीला काही इजा होत नाही. दात झिजून आकड्यासारखे वाकले, तर मात्र ते पट्टी फाडतात.

मला एका गावातल्या थिएटरात आणून बसवले. माझी खोली प्रेक्षकांच्या डोक्यावर, पोटमाळ्यासारखी होती. लोखंडी जिना चढून वर यावे लागे. खोलीत रिळांचे पत्र्याचे डबे, आगीसाठी वाळूच्या बादल्या आणि एक तिवई एवढेच सामान होते. भिंतीला दोन चौकोनी भोके होती. एकातून माझा उजेड बाहेर जाई, दुसऱ्यातून माझा ऑपरेटर खाली डोकावून पाही.

ऑपरेटर कमी बोलणारा, सडपातळ माणूस होता. रोज आल्याबरोबर बाह्या सरसावून तो मऊ फडक्याने माझे एकेक चाक पुसायचा, कुपीने तेलाचे थेंब सोडायचा आणि म्हणायचा, "काय राजे, झोप झाली का?" बायकोशीसुद्धा तो इतके गोड बोलत नसेल, असे त्याचा धाकटा भाऊ चिडवायचा.

हा धाकटा भाऊ कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायचा, म्हणून सगळे त्याला भिंग्या म्हणत. एकदा माझे भिंग धुरकटले, तेव्हा त्यानेच ते दुकानात नेऊन असे लख्ख करून आणले की थिएटरचे मालक स्वतः पडद्याजवळ जाऊन पाहून आले. दुपारच्या सुट्टीत तो वर यायचा, तिवईवर बसून भाकरी खायचा आणि पडद्यावरच्या माणसांच्या हुबेहूब नकला करायचा. मोठा भाऊ गालातल्या गालात हसायचा. मलाही तो फार आवडायचा.

मग लढाई सुरू झाली. संध्याकाळी गावातले दिवे बंद ठेवायचा हुकूम निघाला, म्हणून आमचे खेळ बाराचा आणि तीनचा असे दोनच उरले. बाहेरून येणारे सुटे भाग येईनासे झाले. आणि थिएटरच्या दारात, तिकीट खिडकीसमोर, एक टेबल आले. त्याच्यामागे एक हवालदार वही उघडून बसायचा. ज्याला लढाईवर जायचे असेल त्याने तिथे नाव लिहायचे. सक्ती नव्हती. जायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्यावर होते.

भिंग्या त्या टेबलासमोरून कधी जायचा नाही. मागच्या दाराने यायचा. "मला बघितलं की हवालदारसाहेब मिशीला पीळ भरतात," तो म्हणायचा. "दादा, माझ्या हातात बंदूक दिली तर पहिल्या आवाजाला मीच आडवा होईन. त्यांना सांग, याला चष्मे घासू दे. निदान बाकीच्यांना शत्रू नीट दिसेल."

त्याच दिवसांत आमच्याकडे 'शिपाई नकोजी' हा सिनेमा आला.

मित्रांनो, असा हसवणारा सिनेमा मी आयुष्यात दुसरा दाखवला नाही. नकोजी हा एक शिंपी. कुणी काही काम सांगितले की त्याचे उत्तर ठरलेले, "नको जी!" लढाईवर जायचे नाही म्हणून तो कपड्यांच्या कपाटात लपतो, आणि ते कपाटच गणवेशांचे म्हणून छावणीत पोचते. तिथे त्याला दोन्ही डावे बूट मिळतात. कवायत करताना तो गातो,

"डावा म्हणतो घरी चला, उजवा म्हणतो चला पुढे,
दोघांच्या या भांडणामध्ये माझे काय हो मधे?"

आणि मागे अख्खी पलटण नाचू लागते. शेवटी तो रश्श्याच्या भल्यामोठ्या पातेल्यात पडतो, ते पाहून हसता हसता शत्रूच्या सैनिकांच्या हातातल्या बंदुका गळून पडतात, सगळे पकडले जातात आणि नकोजी पदक लावून घरी येतो. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळायची. त्या हसण्याने माझ्या खोलीची जमीन थरथरायची आणि मला वाटायचे, हे सगळे माझ्यासाठीच आहे.

पण सिनेमात आणखी एक गोष्ट होती. चौथ्या रिळात, पातेल्याच्या थोडे आधी, नकोजी पहाटे एकटा पहाऱ्यावर उभा असतो. आदल्या दिवशी ज्याने त्याला बुटाची नाडी बांधून दिली, तो सोबती जवळच घोंगडीखाली पडलेला असतो. तो आता उठणार नाही. नकोजी तेच कवायतीचे गाणे म्हणू लागतो, पण हळू, अगदी हळू. मधेच शब्द विसरतो. पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. आणि शेवटी आपल्याकडे बघून म्हणतो, "मला भीती वाटते हो." चार मिनिटांचे ते गाणे. पहिले दोन दिवस ते सुरू झाले की खाली टाचणी पडली तरी ऐकू यावी, अशी शांतता व्हायची. लोक बाहेर पडताना हसत असत, पण सावकाश चालत. हवालदाराच्या वहीत त्या दोन दिवसांत एकही नाव चढले नाही.

आता माझी चूक सांगतो. माझ्या खालच्या चाकाचे दात झिजले होते. मला ते महिनाभर आधीच कळले होते. यंत्राला बोलता येत नसले तरी कुरकुरता येते. दोनचार दिवस मी मोठ्याने कुरकुरलो असतो, तर ऑपरेटरने खेळ थांबवून दुरुस्तीचे पाहिले असते. पण रोज तेवढे हसू, तेवढ्या टाळ्या! मला खेळ बंद पडायला नको होता. मी कुरकुर दाबून चालत राहिलो. तिसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला, नेमके ते हळू गाणे सुरू होताना, माझ्या वाकड्या दातांनी पट्टी फाडली. पट्टी दिव्यासमोर अडकली. पडद्यावर नकोजीच्या चेहऱ्याच्या मधोमध तपकिरी डाग पडला, तो वाढत गेला आणि चेहरा जळून गेला.

लोकांनी पाय आपटले, शिट्ट्या मारल्या. ऑपरेटरने जळालेला तुकडा कापला, जोड दिला, खेळ पुढे नेला. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा फाटले. तेव्हा मालक धापा टाकत वर आले.

"काय चाललंय हे? लोक खुर्च्या मोडतील आता."

"मालक, चाकाचे दात गेलेत. नवं चाक पाहिजे," ऑपरेटर म्हणाला.

"लढाईच्या दिवसांत चाक कुठून आणू? ते रडकं गाणंच काढून टाक. लोक इथं हसायला येतात. खाली हवालदारही तेच म्हणतोय, त्या गाण्यानं माणसांचं अवसान जातं."

"पण फाटलंय ते थोडंसंच आहे. बाकीचं जोडता येईल, मालक. सगळं गाणं कशाला..."

"मग बाकीचंही मशीननंच फाडलं, असं म्हणायचं," मालक म्हणाले आणि जिना उतरून गेले.

ऑपरेटरने कात्री घेतली. चार मिनिटांची पट्टी कापली, गुंडाळून एका डब्यात ठेवली आणि जोड दिला. "नवं चाक आलं की परत जोडू," तो मला म्हणाला. त्या दिवशी त्याने मला 'राजे' म्हटले नाही.

जोड इतका सफाईदार होता की कुणाला काही कळले नाही. आता नकोजी कवायतीतून थेट पातेल्यात पडू लागला. हसण्यात खंड नाही. खेळ सुटला की लोक गाणे म्हणत, पाय आपटत बाहेर पडत, आणि काही जण तसेच त्या टेबलाकडे वळत. आठवड्याभरात टेबलापुढे रांग लागली.

भिंग्या पहिले चार दिवस तापाने घरी पडून होता. तो आला तो पाचव्या दिवशी. नंतर रोज येऊ लागला. त्याने नऊ वेळा 'शिपाई नकोजी' पाहिला. डाव्या पायात स्वतःचा आणि उजव्यात दादाचा डावा बूट घालून तो जिन्यावर कवायत करायचा. नवव्या दिवशी, मी रिकामे रीळ फिरवत असताना, तो सहज बोलल्यासारखे बोलला.

"दादा, मी नाव लिहून टाकू म्हणतो."

"कशाचं नाव?"

"खाली. वहीत. आमच्या दुकानासमोरचे दोघं जातायत. तो नकोजी बघ, माझ्याहून भित्रा. तोसुद्धा जाऊन हसत परत आला. मग मला काय धाड भरलीय?"

ऑपरेटरचा हात माझ्या दांड्यावर होता. तो थांबला. मित्रांनो, डबा तिथेच होता, फळीवर, भिंग्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. "थांब, तू अर्धाच सिनेमा पाहिलायस," एवढे एक वाक्य पुरे होते. ऑपरेटरने तोंड उघडले. पण गाणे कापल्याचे भिंग्याला सांगितले तर आपण गुपित फोडले, हे मालकांच्या कानावर जाईल, आणि भिंग्या काय, थट्टाच करत असेल, असे त्याला वाटले. हे त्याने पुढे कितीतरी वेळा मला सांगितले. त्या क्षणी तो एवढेच म्हणाला, "सिनेमा आहे रे तो."

"म्हणून तर," भिंग्या हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुढच्या दाराने आला.

त्यानंतर एक दिवस त्यांची आई वर आली. गुडघे धरत, कठड्याचा आधार घेत तिने तो जिना चढला. तिवईवर बसून दम खाल्ला आणि मोठ्या मुलाला म्हणाली, "तो म्हणतो, तुझ्या सिनेमानं त्याला धीर आला. मला रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. असं आहे तरी काय त्यात? मलाही दाखव."

आणि आम्ही तिला दाखवला. त्या चौकोनी भोकाला डोळा लावून तिने सगळा खेळ पाहिला. सुरुवातीला पदर तोंडाशी होता. दोन्ही डाव्या बुटांना ती हसली. पातेल्याला तर इतकी हसली की डोळे पुसायला लागली. जाताना म्हणाली, "लबाड मेला. अगदी आपल्या भिंग्यासारखाच आहे की रे. निभावून नेईल तो." तिचा जीव भांड्यात पडला होता. ती जिना उतरत असताना ऑपरेटरने माझ्यावर कपाळ टेकले. मी अजून गरम होतो. त्याला चटका बसला असणार, पण तो हलला नाही.

भिंग्या गेला. काही दिवसांनी सिनेमाही परत गेला. कापलेल्या पट्टीचा डबा ऑपरेटरने सिनेमाच्या इतर डब्यांबरोबर परत धाडला, वर चिठ्ठी चिकटवून, 'चौथे रीळ, सुटा भाग'. आणि तीन आठवड्यांनी माझे नवे चाक आले. कोणत्या तरी बंद पडलेल्या थिएटरातून मालकांनीच ते मिळवले होते. माझे दात सरळ झाले. मी लोण्यातून सुरी फिरावी तसा चालू लागलो. त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

भिंग्या तिसऱ्या वर्षी परत आला. उजव्या हाताची दोन बोटे नव्हती. भिंग घासायला बोटांची चिमटी लागते, म्हणून दुकानदाराने त्याला गिऱ्हाइकांशी बोलायच्या जागी बसवले. तोही आता कमी बोलायचा. एक दिवस बाराच्या खेळाआधी तो जिना चढून वर आला, तिवईवर बसला आणि माझ्याकडे पाहत म्हणाला,

"दादा, तिकडे छावणीत पडदा लावून एकदा 'शिपाई नकोजी' दाखवला."

ऑपरेटर माझे भिंग पुसत होता. तो पुसतच राहिला.

"मी सगळ्यांना आधीच सांगत होतो, आता असं होतं, आता तसं होतं. पोरं वैतागली. चौथ्या रिळात मी ओरडलो, आता बघा, पडतोय पातेल्यात! आणि तो पडलाच नाही. एक गाणं लागलं. हळू. शेजारचा म्हणाला, काय रे, नऊ वेळा पाहिलास ना?" भिंग्या थांबला. "आपल्याकडची प्रत जुनी असेल. नाहीतर मशीननं खाल्लं असेल. हो ना?"

वाट मोकळी होती, मित्रांनो. 'हो, मशीनने खाल्ले' म्हटले असते तर निम्मे खरेही ठरले असते. मला तर वाटत होते, त्याने तसेच म्हणावे. सगळे माझ्यावर ढकलावे. मी लोखंडाचा, मला काय होणार होते?

ऑपरेटरने फडके खाली ठेवले. "मशीननं जरासं फाडलं. बाकीचं मी कापलं."

"कधी?"

"तू यायच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मी इथं बसून तुला विचारलं, तेव्हा ते कापलेलं होतं."

"हो. त्या फळीवर होतं."

भिंग्याने फळीकडे पाहिले. तिथे आता दुसरेच डबे होते. तो चिडला नाही. चिडला असता तर बरे झाले असते.

"ते पाहूनही मी कदाचित गेलोच असतो," तो म्हणाला. "त्याचं मला काही नाही. पण दादा, तिकडे पहिले सहा महिने मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. सगळे हसत येतात आणि हसत जातात, मग मलाच एकट्याला का इतकी भीती वाटते? कुणाला बोलायची सोय नाही. घोंगडीत तोंड खुपसून पडायचो. मग ते गाणं बघितलं. अंधारात सगळ्या छावणीचं नाक ओढणं ऐकू येत होतं." तो उठला. "सहा महिने रे. चार मिनिटांसाठी."

तो जिना उतरून गेला आणि पुन्हा वर आला नाही.

त्या दिवसापासून ऑपरेटरने एकाही सिनेमाला कात्री लावली नाही. मालक रागावले, तरी नाही. आणि त्याने एक वेगळीच रीत धरली. कधी पट्टी फाटलीच आणि तुकडा वाया गेलाच, तर तो दिवे लावायचा, जिना उतरायचा आणि पडद्यासमोर उभा राहून सांगायचा, "मंडळी, इथं थोडा भाग फाटला. त्यात असं असं होतं." जो माणूस घरातसुद्धा चार शब्द बोलायचा नाही, तो तीनशे माणसांसमोर उभा राहायचा. लोक हसायचे, "आला पुराणिक!" म्हणून ओरडायचे, शेंगांची टरफले फेकायचे. तरी तो सांगायचा.

एका दुपारी असेच झाले. सिनेमा एका आईच्या आजारपणाचा होता आणि डॉक्टर मुलाला खरे काय ते सांगतात, तेवढाच भाग फाटला होता. या वेळी चूक माझ्या दातांची नव्हती, पट्टीच जुनी होती. पण कोण विश्वास ठेवील, असे मला वाटले. ऑपरेटर पडद्यासमोर गेला. "मंडळी," त्याने सुरुवात केली, पण आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे गेला नाही. लोक खिदळू लागले. तेवढ्यात अगदी मागच्या रांगेतून कुणीतरी उभे राहिले.

"ए, गप्प बसा जरा!" तो माणूस म्हणाला. "दादा, मोठ्यानं बोल. मागं ऐकू येत नाही."

भिंग्या होता. तिकीट काढून, पुढच्या दाराने आला होता. किती दिवसांपासून येत होता, कुणास ठाऊक. मागची रांग नेमकी माझ्या खोलीखाली येते, तिथे बसलेला माणूस मला दिसत नाही.

ऑपरेटर मोठ्याने बोलला. सगळे बोलला. डॉक्टर काय म्हणाले, मुलगा काय म्हणाला, एक शब्द गाळला नाही. बोलून झाल्यावर भिंग्या खाली बसला, ऑपरेटर वर आला आणि त्याने मला पुन्हा सुरू केले.

पुढे नवी यंत्रे आली. ऑपरेटर थकला, गेला. मला एका शाळेच्या मोठ्या खोलीत आणून ठेवले आहे. माझ्या अंगावर धूळ आहे, तेल पाहून वर्षे झाली. त्याची तक्रार नाही. तुम्ही मधल्या सुट्टीत येता, माझी चाके फिरवून पाहता आणि खिदळता, ते मला गोड वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात जी यंत्रे आहेत, त्यांची कुरकुर ऐका. ती वेळेवर ऐकली तर पुष्कळ काही फाटायचे वाचते. आणि कुणाला कुठली गोष्ट सांगाल, तर तिच्यातला भीतीचा भाग गाळू नका. गाळावाच लागला, तर निदान गाळला आहे, एवढे सांगा. मी तेही केले नाही. त्या थिएटरातून, त्या टेबलासमोरून, हसत हसत जे गेले, त्यांतला भिंग्या तेवढा मला परत दिसला. बाकीच्यांची मी नावेसुद्धा विचारली नाहीत.